शांत मुलांचा महाराष्ट्र

लहान मुलाच्या हाती स्मार्टफोन देणाऱ्या आईबापांवर टीका करण्याची अलीकडे चाल पडली आहे. बालरोगतज्ज्ञ टीका करतात, निवृत्त मुख्याध्यापक करतात, आणि ज्यांची स्वतःची मुले आता तिशीत आहेत ते तर फारच हिरिरीने करतात. या टीकेत तळमळ असेल, न्याय मात्र नाही. गेल्या दहा वर्षांत या राज्यातल्या घराघरांत जी शांतता नांदू लागली आहे, ती कोणत्याही शासकीय योजनेतून आलेली नाही. सामान्य पालकांनी स्वतःच्या खिशातून हप्ते भरून ती आणली आहे. तिचे श्रेय त्यांना कोणीतरी द्यायला हवे, एवढ्याच हेतूने हा लेख.

जेवणापासून सुरुवात करू. मूल जेवत नाही, ही तक्रार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. एक घास चिऊचा, एक घास काऊचा असे करत वरणभाताची एक वाटी संपवायला आजीला पाऊण तास लागे. खिडकीत चिमणी नसली की गोष्ट रचावी लागे, गोष्टीत मुलाने शंका काढली की उत्तर द्यावे लागे, आणि उत्तर पटले नाही तर घास गालातच राही. आज फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला की दहा मिनिटांत ताट साफ. मूल पडद्याकडे पाहते, तोंड आपोआप उघडते, आणि आत दुधी गेला की श्रीखंड, याची चौकशी ते करत नाही. जिभेवरचा हा ताबा मिळवायला पूर्वी माणसे घरदार सोडून जात. आपल्याकडे तो दीड वर्षाच्या बाळाला खुर्चीला बांधल्या बांधल्या साधतो आहे. पोट भरले हे मुलाला कळेनासे होते, असे काही डॉक्टर म्हणतात. पण ताट रिकामे झालेले आईला दिसते. एका घरात दोघांना कळण्याची गरज काय?

डॉक्टरांचा विषय निघालाच आहे तर त्यांच्या सूचनांचाही आदर करू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले की, एक वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा मुळीच दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी तासाभराहून अधिक दाखवू नये. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही दोन वर्षांखालच्या मुलांना पडद्यापासून दूर ठेवायला सांगितले, पण आपली कुटुंबव्यवस्था ओळखून नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल करण्याची सवलत दिली. ही सवलत आपण मोठ्या मनाने वाचली, इतकेच. कार्टूनमधले गुलाबी डुक्कर रोज चार तास भेटते. सख्खा काका दिवाळीत एकदा येतो, तोही जाताना घाईत असतो. नातेवाईक कोणाला म्हणायचे, हे शेवटी मुलाने ठरवायचे आहे.

काका घरी आले तरी आता काही अडत नाही. पूर्वी पाहुणे बसले की मुलाला दिवाणखान्यात हजर केले जाई. नमस्कार कर, नाव सांग, कितवीत आहेस ते सांग, आणि मग ती शाळेत शिकवलेली कविता. मूल अडखळत असे, आई मागून शब्द पुरवत असे, आणि चहा निवेपर्यंत पाहुण्यांना कौतुकाचा चेहरा धरून बसावे लागे. ही सक्ती आता दोन्ही बाजूंनी संपली. मूल मान वर करत नाही, आणि पाहुण्यांनाही ती वर झालेली नको असते, कारण त्यांचीही खाली असते. लग्नाच्या पंगतीत, एसटीच्या बाकावर, दवाखान्याच्या प्रतीक्षेत आज मुले ज्या संयमाने बसतात, तो पाहून अनोळखी माणसेही म्हणतात, ‘किती गुणी हो बाळ!’ फोनची बॅटरी संपल्यावर तेच बाळ काय करते, याची चर्चा इथे अप्रस्तुत आहे. गुणी माणसाची परीक्षा प्रतिकूल काळात घेऊ नये.

सार्वजनिक हिताचा विचार केला तर हे पालक नगररचनाकारांच्या पंक्तीत बसतील. आपल्या शहरांत मैदानांचे काय करायचे, हा प्रश्न वर्षानुवर्षे भिजत पडला होता. आराखड्यात आरक्षण असे, जागेवर कोणी ना कोणी नजर ठेवून असे, आणि संध्याकाळी पाच वाजता टोळकी येऊन स्टंप ठोकत असत. खेळणारी मुले समोर असताना मैदान हडप करणे कोणालाही जड जाते. आता ती अडचण उरली नाही. मुले स्वतःहून घरात गेली, मैदाने मोकळी झाली, आणि मोकळ्या जागेचा उपयोग कसा करायचा हे या राज्यात कोणाला शिकवावे लागत नाही. गृहसंकुलांच्या भिंतींवर ‘येथे क्रिकेट खेळण्यास सक्त मनाई आहे’ अशा पाट्या अजून दिसतात. त्या आता पुरातत्त्व खात्याकडे सोपवायला हरकत नाही. काचा फुटत नाहीत, गुडघे फुटत नाहीत, आणि चेंडू मागायला चार पोरे दारात उभी राहत नाहीत. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांना आता ओरडायला कोणी उरले नाही, ही एकच हानी. तेही सध्या रील पाहतात.

मुलांच्या सुरक्षिततेची काळजी तर कायमचीच मिटली. वयात येणारे मूल संध्याकाळी सायकल काढून निघाले की पूर्वीच्या आईबापांचा जीव टांगणीला लागे. मूल कोणाबरोबर आहे हे त्यांना ठाऊक असे, कुठे आहे हे नसे. आता मूल कुठे आहे हे ठाऊक असते. रात्री दीड वाजता ते शेजारच्या खोलीत, पांघरुणाखाली, आपल्यापासून दहा फुटांवर सुरक्षित असते. त्या दहा फुटांत कोणी त्याला हसत असेल, कोणी त्याच्या फोटोखाली घाण लिहीत असेल, कोणी अनोळखी माणूस मित्राच्या नावाने गोड बोलत असेल. पण आपल्याला काही ऐकू येत नाही. पूर्वी शाळेत छळ झाला तर मूल रडत घरी येई, निदान घरी पोचल्यावर तरी सुटे, आणि सगळ्या वाड्याला ते कळे. आजची मुले समंजस आहेत. छळ सोबत घरी आणतात, उशाशी ठेवतात, आणि सकाळी विचारले तर ‘काही नाही’ म्हणतात.

शिक्षणाबद्दल बोलायचे तर फोन मुलांच्या हाती आणला तो शिक्षणानेच. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, वर्ग पडद्यावर भरू लागले, आणि ज्या घरात दुचाकीचा हप्ता चालू होता त्याच घरात फोनचाही सुरू झाला. शाळा उघडल्या, फोन मात्र शाळेत परत गेला नाही. गुरुजी गृहपाठ ग्रुपवर टाकतात, त्यामुळे तो पाहायला मुलाने फोन घेणे हा अभ्यासच झाला. या अभ्यासाची फळेही दिसू लागली आहेत. शालेय शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’ या संस्थेच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वर्षांच्या शंभरांतल्या ८२ मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. आदल्या आठवड्यात त्यांपैकी ५७ टक्क्यांनी तो काही ना काही अभ्यासासाठी हाती घेतला होता, आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. म्हणजे विद्या आणि करमणूक यांच्यात फक्त १९ टक्क्यांचे अंतर उरले आहे. दूरदर्शनच्या काळात ते नक्कीच याहून जास्त असावे.

याच संस्थेने त्याआधी, २०२३ मध्ये, निवडक जिल्ह्यांतल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलांना वाचायला आणि भागाकार करायला लावले होते. सुमारे चौथ्या हिश्शाला स्वतःच्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचता आला नाही, आणि निम्म्याहून अधिकांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले नाही. काहींनी यावर डोके धरले. वास्तविक यात धरण्यासारखे काही नाही. जिथे अंगठ्याने सरकवायचे आहे तिथे वाचायचे कशाला? अंगठेबहाद्दर हा शब्द आपण इतकी वर्षे कुत्सितपणे वापरला. साक्षरतेच्या मोहिमा काढून, रात्रशाळा चालवून जो अंगठा पुसायचा प्रयत्न केला, त्याच अंगठ्यावर आज सगळा व्यवहार चालतो, त्याच्या ठशाने फोन उघडतो. मधली सत्तर वर्षे आपण उगाच दमलो.

नीतिशिक्षणाची बाजूही कच्ची नाही. समाजमाध्यमांवर खाते उघडायला बहुतेक ठिकाणी तेरा वर्षे पूर्ण असावी लागतात. नऊ वर्षांच्या मुलीला मैत्रिणींच्या मागे पडू द्यायचे नसेल, तर चार वर्षे कुठून तरी आणावी लागतात. आई शेजारी बसते, बाबा साल सुचवतात, आणि मूल कळ दाबते. सारे कुटुंब एकत्र येऊन करते अशी कामे हल्ली फार थोडी उरली आहेत, म्हणून याचे मोल अधिक. महाराष्ट्राला यात परके वाटण्यासारखे काही नाही. आपल्या मागच्या एकदोन पिढ्यांतली निम्मीअधिक खेडी गुरुजींच्या कृपेने १ जूनलाच जन्मली. फरक इतकाच की तेव्हा खरी तारीख कोणाला आठवत नसे, आता सगळ्यांना आठवते.

कायद्यानेही पालकांवर मोठा विश्वास टाकला आहे. वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो आणि त्याची माहिती वापरण्याआधी पालकाची पडताळता येईल अशी संमती मागतो. ही संमती द्यायला पालक एका पायावर तयार आहेत. फक्त ती नेमकी कुठे दाबून द्यायची, हे त्यांना मुलालाच विचारावे लागते.

या सगळ्याच्या मुळाशी ज्यांची प्रतिभा आहे, त्यांच्याविषयी कृतज्ञता व्यक्त केली नाही तर आपण करंटे ठरू. २०१० मध्ये आयपॅड बाजारात आला तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या एका वार्ताहराने स्टीव्ह जॉब्ज यांना विचारले होते की, तुमच्या मुलांना तो फार आवडत असेल ना? मुलांनी तो अजून वापरलेलाच नाही आणि घरात ही साधने किती वापरायची यावर आम्ही मर्यादा घातली आहे, असे उत्तर मिळाले. बिल गेट्स यांनीही आपल्या मुलांना चौदाव्या वर्षापर्यंत फोन दिला नव्हता, आणि जेवणाच्या टेबलावर तर तो येऊच दिला नाही. हा त्याग साधा नाही. स्वतःच्या मुलांना वंचित ठेवून त्यांनी आपल्या मुलांना काही कमी पडू दिले नाही. मिठाईचा दुकानदार स्वतःच्या घरी बत्तासाही नेत नाही आणि आपल्या दारात मात्र रोज परात पाठवतो, अशा माणसाच्या हेतूविषयी शंका घेणे आपल्या संस्कृतीत बसत नाही.

२००६ मध्ये अझा रॅस्किन यांनी पडद्यावरचे पान कधीच न संपण्याची युक्ती शोधली. तोवर माणूस पानाच्या तळाशी येई, क्षणभर थांबे, आणि पुढे जायचे की उठायचे हे ठरवी. तो क्षण या युक्तीने काढून टाकला. कीर्तनाला आरती असते, नाटकाला पडदा असतो, शेजारणींच्या गप्पांनाही कुकरची शिट्टी असते. संपत नाही असे मनोरंजन मानवजातीला प्रथमच मिळाले. खुद्द रॅस्किन यांनी पुढे याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली, पण थोर माणसे आपल्या कामाविषयी नेहमीच संकोचाने बोलतात. त्यात २०१६ पासून आपल्याकडे डेटा इतका स्वस्त झाला की लिटरभर दुधाच्या पैशात मुलाचे दोनतीन दिवस सहज निघतात. दोन्हींपैकी मुलाला काय आवडते, हे सांगायला नको.

अर्थव्यवस्थेवरचा परिणामही लक्षात घेण्याजोगा आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेत २०१४ पासून पडद्याच्या व्यसनासाठी वेगळे उपचार केंद्र चालते. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराला आपल्या रोगसूचीत अधिकृत जागा दिली आणि ती सूची २०२२ पासून लागू झाली. ज्या पोराला एकेकाळी ‘उनाड’ या एका शब्दात निकालात काढत, त्याला आज आंतरराष्ट्रीय नोंद आहे. चष्म्याची दुकाने, समुपदेशक, झोपेचे तज्ज्ञ, बोलायला उशीर झालेल्या मुलांना बोलते करणारे उपचारक अशी किती घरे या एका वस्तूवर चालतात! बोलके करण्याचे जे काम पूर्वी आजी, शेजारीण आणि दारावर येणारी भाजीवाली फुकट करून टाकत, त्याला आता तासाचा दर आहे. राष्ट्रीय उत्पन्नात आजीची नोंद कधीच झाली नव्हती.

इतके सगळे सुरळीत असताना काही गावांनी मात्र खोडा घातला आहे. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बांशी गावाने २०२२ मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइल वापरू द्यायचा नाही, असा ठराव केला. या ठरावाशी मतभेद असले तरी त्यातला सुज्ञपणा मान्य करावा लागेल, कारण त्यात मोठ्यांना हात लावलेला नाही. मुलांना वळण लावायचे असेल तर ते मुलांना लावावे. ऑस्ट्रेलियानेही २०२५ च्या डिसेंबरपासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांची खाती बंद केली, तीही याच मर्यादेत राहून. पंतप्रधान असोत की पोस्टमन, सोळा वर्षांवरच्या कोणाची गैरसोय झाली नाही.

खरी चिंतेची बाब आहे ती सांगली जिल्ह्यातली. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या ऑगस्टमध्ये एक भोंगा बसवला. त्या वर्षी महाराष्ट्रात भोंग्यांवरून इतके रण माजले होते की या भोंग्याकडे कोणा नेत्याचे लक्षच गेले नाही. तो संध्याकाळी सात वाजता वाजतो. वाजला की गावातले फोन आणि टीव्ही बंद, आणि साडेआठ वाजेपर्यंत बंदच. ही कल्पना तेव्हाचे सरपंच विजय मोहिते यांची, आणि त्यांना आधी पाठिंबा मिळाला तो गावातल्या बायकांचा. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले आणि त्या दीड तासात पोरे पुस्तक घेऊन बसू लागली.

इथवर ठीक होते. पण या भोंग्यात एक गंभीर दोष आहे. तो वय पाहत नाही. मुलाबरोबर बापालाही फोन खाली ठेवावा लागतो, आईची मालिका थांबते, आजोबांचे सुविचार अडकून पडतात. सात ते साडेआठ या वेळेत आपल्या घरात काय होईल, याचा नागरिकांनी शांतपणे विचार करावा. मूल प्रश्न विचारेल. आपल्याला उत्तर येणार नाही, आणि ते शोधायला हाताशी काही नसेल. नवराबायकोला एकमेकांशी बोलावे लागेल, आणि इतक्या वर्षांनी कुठून सुरुवात करायची हा प्रश्न उभा राहील. मुलाचे अक्षर किती बिघडले आहे, मुलगी हल्ली किती गप्प असते, सासऱ्यांना ऐकू येत नाही की ते ऐकत नाहीत, असल्या ज्या गोष्टी आजवर झाकून राहिल्या त्या दीड तासात बाहेर येतील. मुलांना फोन दिला तो मुलांसाठी, या समजुतीवर सगळे घर उभे आहे. आपला फोन आपल्याला निवांत पाहता यावा म्हणून त्यांना दुसरा दिला, ही गोष्ट भोंगा वाजल्याशिवाय कोणाच्या लक्षात येण्याचे कारण नव्हते.

म्हणून सर्व सुजाण नागरिकांना विनंती आहे की, मुलांच्या फोनवेडाबद्दल त्यांनी जरूर चिंता करावी. त्यावरची व्याख्याने ऐकावीत, चांगले व्हिडिओ कुटुंबाच्या ग्रुपवर पुढे पाठवावेत, आणि मुलाने ते पाहिले की नाही याची निळ्या खुणेवरून खात्री करून घ्यावी. शाळेने बंदी घातली तर शाळेचे अभिनंदन करावे. सरकारने कायदा केला तर स्वागत करावे, आणि नाही केला तर सरकारला जाब विचारावा. मात्र आपल्या गावात, प्रभागात किंवा संकुलात वडगावच्या धर्तीवर कोणी भोंग्याची भाषा काढली, तर त्याला वेळीच समज द्यावी की हा व्यक्तिस्वातंत्र्यावर घाला आहे. मुलांपुरती बंदी असेल तर ठरावाला आपला पाठिंबा आहेच. हात वर करायला एक हात पुरतो, दुसऱ्यात फोन धरता येतो.